नकार कुठून आला?

दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करायला जावं आणि पडद्यावर एवढीच ओळ यावी: ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. हे काम नव्याने शिकणाऱ्याला पहिल्यांदा वाटतं की पासवर्ड चुकला, किंवा सर्व्हरने आपल्याला ओळखलं नाही. मग तो पासवर्ड बदलून मागतो, किल्लीची फाइल पुन्हा तयार करतो, आपल्या लॅपटॉपवरचं अँटिव्हायरस बंद करून पाहतो. तासाभराने सगळं जिथल्या तिथे असतं आणि वर दोन-चार चांगल्या चालणाऱ्या गोष्टी बिघडलेल्या असतात. खरं तर ही ओळ येते तेव्हा सर्व्हरने आपलं नावसुद्धा अजून विचारलेलं नसतं. त्यामुळे आपली ओळख नाकारली गेली, असा तिचा अर्थ होऊच शकत नाही.

एक उदाहरण घेऊ. कोल्हापूरच्या वायव्येला सुमारे १८ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून साधारण ३१०० फुटांवर वाडी रत्नागिरी आहे. जोतिबाचा डोंगर म्हणतात तो हाच. चैत्र पौर्णिमेला इथे सासनकाठ्या घेऊन लाखो भाविक येतात, आणि त्यातले कितीतरी ओळखीच्या पुजाऱ्यांच्या घरी उतरतात. समजा, असा एक भाविक डोंगर चढून ठरलेल्या घरापाशी आला, त्याने हाक मारली आणि लगेच उत्तर मिळालं, ‘इथं आता कुणी राहत नाही.’ तो हिरमुसेल, पण त्याला बरंच काही कळलेलं असेल. वाट चालू आहे, पत्ता खरा आहे आणि आपली हाक पलीकडे पोचते आहे. दुसरा भाविक हाका मारत उभा आहे आणि कुठूनच हूं की चूं नाही. घर चुकलं, वाट चुकली, की आतले लोक मुद्दाम गप्प आहेत, हे त्याला कळायला मार्ग नाही. पहिल्याला मिळालं ते ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’. दुसऱ्याच्या वाट्याला आलं ते ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. हे दोन्ही संदेश नकोसे असले तरी त्यांची दुखणी वेगळी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचा सगळा शोध चुकीच्या दिशेने जातो.

यात्रेच्या दिवशी डोंगरावर मोबाइलचं जाळं तुंबलं, टॉवर थकला, पॅकेटं वाटेत हरवली, तर ‘टाइम्ड आउट’ येईल. गर्दीमुळे ‘रिफ्यूज्ड’ येत नाही. ‘रिफ्यूज्ड’ यायला कुणीतरी एक पॅकेट स्वतःहून परत पाठवावं लागतं.

ते पॅकेट कसं असतं, हे पाहिलं की पुढचं सगळं सोपं होतं. इंटरनेटवरचा बहुतेक संवाद टीसीपी नावाच्या पद्धतीने चालतो. तिची मूळ नियमावली सप्टेंबर १९८१ मधली आहे, आणि २०२२ मध्ये ती नव्याने एकत्र लिहून काढली तरी गाभा तोच राहिला. आपला संगणक आधी ‘सिन’ हे पॅकेट पाठवतो, म्हणजे बोलायचं आहे असं कळवतो. सर्व्हरवर आपण मागितलेल्या पोर्टवर, म्हणजे त्या सेवेच्या क्रमांकित दारावर, कुणी ऐकत बसलं असेल तर ‘सिन-ॲक’ येतं, आपण ‘ॲक’ म्हणतो आणि जोडणी तयार होते. त्या पोर्टवर कुणीच ऐकत नसेल तर सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम स्वतःच ‘रिसेट’ पाठवते. लॉगिन सांभाळणारा प्रोग्राम तिथे नसतोच, त्याच्या वतीने घरमालक उत्तर देतो. लिनक्सवर या चुकीचा क्रमांक १११ आहे, मॅकवर ६१ आणि विंडोजवर १००६१. आकडे वेगळे असले तरी अर्थ तोच.

मौनाचा हिशोबही पाहण्यासारखा आहे. ‘सिन’ला काहीच उत्तर आलं नाही तर लिनक्स ते आणखी बऱ्याच वेळा पाठवून पाहतं. मधली विश्रांती हळूहळू वाढत जाते आणि शेवटी दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ गेल्यावर ते ‘टाइम्ड आउट’ म्हणून हात टेकतं. म्हणून घड्याळाकडे लक्ष ठेवावं. ‘रिफ्यूज्ड’ एंटर दाबताक्षणी येतं. नेमका किती वेळ लागला यावरूनही नकार कुठून आला याचा अंदाज बांधता येतो. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. कोल्हापूरहून मुंबईच्या सर्व्हरपर्यंत सरळ रेषेत गेलं तरी जाऊन-येऊन सुमारे ६०० किलोमीटर होतात, म्हणजे कमीत कमी तीन मिलिसेकंद. प्रत्यक्षात वळणावळणाने त्याच्या कितीतरी पट लागतात. मुंबईतल्या सर्व्हरचा नकार एका मिलिसेकंदात आला, तर तो मुंबईहून आलेला नाही. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या फायरवॉलने सर्व्हरच्या नावाने तो इथल्या इथे लिहून दिला आहे. दूरच्या लॉगिनसाठी वापरतात ते पोर्ट २२ बाहेर जाताना अडवणारी जाळी कमी नाहीत. खात्री करायची तर लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून तोच प्रयत्न पुन्हा करावा. तिथून लॉगिन झालं तर सर्व्हरला दोष देण्याचं कारण संपलं.

हे पोर्ट २२ आलं कुठून? १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यात कुणीतरी गुपचूप पासवर्ड गोळा करणारा प्रोग्राम बसवला होता. त्या काळी दूरस्थ लॉगिनसाठी टेलनेट वापरत, आणि टेलनेटमध्ये पासवर्ड उघडा जातो. तिथे काम करणाऱ्या तातू यलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून सगळा संवाद गूढलिपीत बांधणारा प्रोग्राम लिहिला, तो एसएसएच. टेलनेटचं पोर्ट २३, फाइली पाठवणाऱ्या एफटीपीचं २१. मधला २२ रिकामा होता. यलोनेन यांनी जुलै १९९५ मध्ये क्रमांक वाटणाऱ्या संस्थेला ईमेल करून तो मागितला आणि दुसऱ्याच दिवशी तो मिळाला. १९९९ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या मंडळींनी त्याची मुक्त आवृत्ती, ओपनएसएसएच, आणली. आज जगातले बहुतेक लिनक्स सर्व्हर दुरून सांभाळले जातात ते तिच्याच आधाराने.

तर आता ‘रिफ्यूज्ड’ आलं आहे, म्हणजे बहुतेक वेळा त्या यंत्रावर त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही. का ऐकत नाही?

सगळ्यात साधं कारण म्हणजे ऐकणारा तिथे कधी बसवलेलाच नाही. उबुंटूची डेस्कटॉप आवृत्ती टाकली की दुसरीकडे लॉगिन करायचा प्रोग्राम मिळतो, पण दुसऱ्यांना आत घेणारा सर्व्हर वेगळा टाकावा लागतो. मॅकवर ‘रिमोट लॉगिन’ मुळात बंद असतं. विंडोजमध्येही ओपनएसएसएच सर्व्हर हा वेगळा सुरू करायचा भाग आहे. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक हौशी मंडळी कॅमेऱ्याला, पाण्याच्या मोटरीला, शेतातल्या सेन्सरला जोडतात. त्याच्या अधिकृत सिस्टीममध्ये नोव्हेंबर २०१६ पासून एसएसएच बंद करूनच देतात. आधी ते सुरू असायचं आणि सगळ्या यंत्रांचं मूळ नाव आणि पासवर्ड एकच असायचा, तेही साऱ्या जगाला ठाऊक. इंटरनेटला लटकलेली अशी यंत्रं कुणीही ताब्यात घेऊ शकलं असतं. जुन्या व्हिडिओवरून शिकणाऱ्याला मात्र हा बदल ठाऊक नसतो आणि तो ‘रिफ्यूज्ड’पाशी अडकतो. तो बदल योग्यच होता असं मी म्हणेन, त्रास झाला तरी.

दुसरं कारण, बसवलेला होता पण उठला. सेटिंगच्या फाइलमध्ये एखादं अक्षर चुकलं की सेवा पुन्हा सुरू होतच नाही. एका यंत्राची नक्कल करून दुसरं उभारताना कधी यंत्राच्या स्वतःच्या ओळखकिल्ल्या पुसल्या जातात, आणि किल्ली नसताना एसएसएच सर्व्हर सुरू व्हायला नकार देतो. सेटिंगमध्ये ऐकण्याचा पत्ता बांधून दिला असेल आणि राउटरने यंत्राला नवा पत्ता दिला असेल, तर सर्व्हर नसलेल्या पत्त्यावर कान लावायला जातो आणि तिथेच थांबतो. या सगळ्यांचा उलगडा यंत्रासमोर बसून, किंवा क्लाउड कंपनी वेबवरून देते त्या कन्सोलमधून, होतो. ‘एसएस’ ही कमांड ‘टीएलएनपी’ या चार अक्षरांच्या पर्यायांसह चालवली की कोण कुठल्या पत्त्यावर, कुठल्या पोर्टवर ऐकत आहे ते सरळ दिसतं. मला विचाराल तर या सगळ्या कामातली ही सगळ्यात मोलाची कमांड आहे, कारण ती तर्क करत नाही, आहे ते दाखवते. यादीत २२ समोर १२७.०.०.१ असा पत्ता दिसला तर सर्व्हर फक्त स्वतःशीच बोलायला तयार आहे. बाहेरच्याला तो नकारच देणार.

तिसरं कारण चुकीच्या पोर्टवर केलेला प्रयत्न. बरेच जण २२ बदलून दुसरा क्रमांक लावतात. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, त्याच्या आजच्या वंशजांपैकी काहींवर संशोधक विद्यार्थ्यांना ४४२२ या पोर्टवरून लॉगिन करावं लागतं. हा आकडा न देता गेलेला विद्यार्थी बाहेरच राहतो. त्यात पासवर्डचा काही संबंध नाही. पोर्ट बदलणाऱ्यालाही इथे दोन खड्डे आहेत. रेडहॅट घराण्याच्या लिनक्सवर एसईलिनक्स नावाचं पहारेकरी तंत्र असतं. त्याला नव्या पोर्टची परवानगी दिली नाही तर ते सर्व्हरला तिथे बसू देत नाही. उबुंटूत २२.१० पासून आणखी एक फरक पडला. पोर्टवर कान देण्याचं काम सेवा चालू-बंद करणाऱ्या सिस्टिमडीने स्वतःकडे घेतलं, आणि कुणी आलं की मगच एसएसएच सर्व्हर जागा होतो. त्यामुळे जुन्या सवयीने फाइलमध्ये पोर्ट बदलून फक्त सेवा पुन्हा सुरू केली, तर यंत्र जुन्याच क्रमांकावर ऐकत राहतं. नव्यावर ‘रिफ्यूज्ड’ येतं आणि माणूस फाइल पुन:पुन्हा वाचत बसतो. फाइल बरोबरच असते. सिस्टिमडीला ती नव्याने वाचायला सांगून त्याचं सॉकेट पुन्हा सुरू करावं लागतं.

मग फायरवॉल. तिच्याबद्दल एक ढोबळ समज असा की अडलं म्हणजे फायरवॉलच. पण फायरवॉलच्या बोलण्याच्या तऱ्हा वेगळ्या आहेत आणि त्या ओळखता येतात. नको असलेलं पॅकेट गपकन गिळून टाकायचं, ही एक तऱ्हा. ॲमेझॉनच्या क्लाउडमधले सिक्युरिटी ग्रुप हेच करतात, उबुंटूवरच्या यूएफडब्ल्यूचा नेहमीचा ‘डिनाय’ही हेच करतो. तिथे ‘टाइम्ड आउट’ येतं. म्हणजे ॲमेझॉनवरच्या सर्व्हरने ‘रिफ्यूज्ड’ म्हटलं तर सिक्युरिटी ग्रुपने तुम्हाला आत सोडलं आहे. तिथली सेटिंग खणत बसू नका, थेट सेवेकडे जा. दुसरी तऱ्हा नकार कळवण्याची. साध्या ‘रिजेक्ट’ नियमाने आपल्याला ‘रिफ्यूज्ड’च दिसतं, जणू पोर्टवर कुणी नव्हतंच. रेडहॅट घराण्यातल्या फायरवॉलडीचा नकार मात्र ‘नो रूट टू होस्ट’ असा दिसतो. ‘वाटच नाही’ असं वाचून लोक राउटर आणि केबल तपासायला धावतात. प्रत्यक्षात वाट शेवटपर्यंत नीट असते आणि सर्व्हरच्याच उंबऱ्यावरून कुणीतरी तसं सांगत असतं. हा संदेश इतका दिशाभूल करणारा आहे की तो ज्याने शिकवला त्याचे आभार मानावेत.

आपल्याकडच्या वापरकर्त्यांना जास्त छळणारा प्रकार फेल२बॅनचा आहे. एकाच पत्त्यावरून चुकीचे पासवर्ड येत राहिले की हा प्रोग्राम त्या पत्त्याला काही काळ बंदी घालतो. मूळ सेटिंगमध्ये दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की दहा मिनिटांची बंदी, आणि बंदीची भाषा बहुधा ‘रिफ्यूज्ड’. म्हणजे पाच वेळा ‘परमिशन डिनाइड’ दिसलं आणि सहाव्या वेळी अचानक ‘रिफ्यूज्ड’ झालं, तर सर्व्हर बंद पडलेला नाही. थोडं थांबावं, आणि तेवढ्यात पासवर्ड कुठे चुकतो ते शोधावं. पण पत्ता म्हणजे माणूस नव्हे. मोबाइलवर आणि अनेक स्वस्त ब्रॉडबँडवर कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. आयपी पत्ते अपुरे पडल्याने ही सोय निघाली आणि तिच्यासाठी २०१२ मध्ये १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत सुरू होणाऱ्या पत्त्यांचा पट्टा राखून ठेवला गेला. त्याच पत्त्यामागे बसलेल्या दुसऱ्या कुणी, किंवा त्याच्या व्हायरस लागलेल्या संगणकाने, तुमच्या सर्व्हरवर पासवर्ड आपटले, तर शिक्षा तुम्हालाही होते.

याच सामायिक पत्त्याची दुसरी बाजू गावात घरी सर्व्हर ठेवणाऱ्याला भोगावी लागते. घरच्या यंत्रावर सगळं नीट चालतं, घरातल्या वायफायवरून लॉगिन होतं, राउटरवर पोर्ट पुढे पाठवण्याची सेटिंगही केलेली असते, तरी बाहेरून लॉगिन जमत नाही. अशा वेळी राउटरच्या पानावर त्याचा बाहेरचा पत्ता पाहावा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर बाहेरून येणारी हाक आपल्या राउटरपर्यंत पोचतच नाही. जे उत्तर येतं ते कंपनीच्या यंत्राचं. इथे घरातल्या सर्व्हरशी कितीही झटापट केली तरी उपयोग नाही. घरातूनच बाहेरच्या एखाद्या सर्व्हरकडे उलटा बोगदा उघडायचा, वायरगार्डसारखं खासगी जाळं बांधायचं, किंवा कंपनी आयपीव्ही६चा पत्ता देत असेल तर तो वापरायचा. स्वतंत्र पत्ता विकतही मिळतो, पण छोट्या कामाला तो परवडेलच असं नाही.

जोतिबाच्या डोंगराच्या उत्तरेला वारणेचं खोरं आहे, आणि दूरच्या सर्व्हरशी गावाचं नातं जोडण्याचा देशातला एक मोठा प्रयोग तिथेच झाला. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि सहकारी संस्था यांनी मिळून खर्च उचलला, तंत्राची बाजू राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राने सांभाळली, आणि कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं त्यात होती. ऊस किती भरला, तोड कधी, खत किती घेतलं, हे शेतकऱ्याला गावातल्या केंद्रावर कळू लागलं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी पाहणी केली तेव्हा दिसलं की केंद्रांचा खरा उपयोग उसाच्या हिशोबापुरता आहे, आणि त्यासाठी गावोगाव संगणक सांभाळणं महागात पडतं. त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस ठेवून पाहिला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ही पद्धत स्वस्त आणि लोकांच्या पसंतीची ठरली. दूरस्थ जोडणीचा खरा खर्च तारेत किंवा यंत्रात नसतो. जोडणी अडली की ती का अडली हे सांगणारं माणूस गावात असावं लागतं, आणि ते सहसा नसतं. त्यात संदेश इंग्रजीत, तोही दोन-चार शब्दांत. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे बहुतेक वेळा यंत्र जिवंत आहे, एवढं एक वाक्य मराठीतून कुणी शिकवलं असतं तर कितीतरी फेऱ्या वाचल्या असत्या असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच हे इतकं सविस्तर लिहितो आहे.

जोडणी झाल्यानंतरचे संदेश निराळ्या खात्यात जातात, त्यांच्याबद्दल थोडक्यात. एसएसएचला ‘-व्ही’ हा पर्याय दिला की ते पायरीपायरीने बोलतं. त्यात ‘कनेक्शन एस्टॅब्लिश्ड’ ही ओळ दिसली की पोर्ट, पत्ता, फायरवॉल हे सगळे प्रश्न संपले. त्यानंतरचं ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे किल्ली, नाव किंवा फाइलच्या परवानग्यांची गोष्ट. जोडणी होऊन ओळख सांगण्याआधीच तुटली, तर सर्व्हरवर एकाच वेळी फार जण दार ठोठावत असतील, कारण ओळख न पटलेल्या जोडण्या दहाच्या पुढे गेल्या की तो त्यातल्या काही सोडून देऊ लागतो. सर्व्हरची ओळखकिल्ली बदलल्याचा मोठ्या अक्षरांतला इशारा आला, तर मात्र थांबावं. यंत्र नव्याने उभारल्याचं माहीत असेल तरच जुनी नोंद पुसावी. घाईने पुसणारे फार आहेत आणि तो इशारा नेमका त्यांच्यासाठीच लिहिलेला आहे.

दुरून सेटिंग बदलताना पाळायची एक पद्धत सांगतो. एसएसएचची सेवा पुन्हा सुरू केली तरी आधीपासून उघडी असलेली जोडणी तुटत नाही, आणि हा मोठा आधार आहे. फाइल बदलल्यावर आधी ‘एसएसएचडी -टी’ने ती तपासायची. चूक असेल तर ती ओळ क्रमांकासह सांगते. मग सेवा पुन्हा सुरू करायची आणि जुनी खिडकी तशीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहायचं. फायरवॉल बदलत असाल तर पाच मिनिटांनी जुने नियम आपोआप परत आणणारं काम आधी लावून ठेवायचं, आणि दुसऱ्या खिडकीतलं लॉगिन जमलं की ते रद्द करायचं. दुसरं लॉगिन ‘रिफ्यूज्ड’ झालं, तर पहिल्या खिडकीतून ‘एसएस’ चालवायचं आणि २२ वर कोण ऐकतं आहे ते पाहायचं.